सातारा-सांगलीच्या ताटातली आफ्रिका

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचे जुने जेवण ज्वारी, बाजरी आणि नाचणी या तीन धान्यांवर उभे आहे, आणि ही तिन्ही धान्ये मूळची आफ्रिकेतली आहेत. भाकरीबरोबर कोरड्यास म्हणून येणारी चवळीची उसळ, लसूण घालून परतलेली अंबाडीची भाजी आणि कारळ्याची चटणी यांची पिकेही त्याच खंडातून आली. शेंगदाण्याचा जन्म दक्षिण अमेरिकेतला. पण त्याला जगभर नेले ते पोर्तुगीजांनी, आणि त्यांच्याच जहाजांतून आफ्रिकेतली माणसेही विकायला नेली जात होती.

पिकांचा प्रवास आणि गुलामगिरी यांची गाठ सर्वांत घट्ट बसली ती अमेरिकेतल्या भातमळ्यांवर. तिथे पीक पिकवण्याची विद्या आणि ते रांधणारे हात एकाच बेडीत अडकून समुद्रापार गेले. कृष्णाकाठी तसे घडले नाही. इथे आफ्रिकेचे बी आले ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, व्यापाराच्या वाटेने, आणि ते शिजवायची रीत इथल्याच बायकांनी बसवली. पुढे इथल्या वाड्यांत गुलामगिरी वाढली खरी, पण तिच्यात राबणाऱ्या बायका बहुतेक याच मुलखातल्या होत्या. सातारा-सांगलीच्या अन्नाचा इतिहास सांगताना या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि दोन्ही सांगाव्या लागतात.

कॅरोलायनाचे भातमळे

दक्षिण कॅरोलायना ही इंग्रजांची वसाहत १६७० साली बसली आणि तीसेक वर्षांत भात हे तिचे मुख्य निर्यातीचे पीक झाले. इंग्लंडातून आलेल्या वसाहतवाल्यांना भातशेतीचा गंध नव्हता. पश्चिम आफ्रिकेत मात्र नायजर नदीच्या अंतर्भागातील त्रिभुज प्रदेशात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी भाताची एक स्वतंत्र जात माणसाने लागवडीखाली आणली होती. आशियातल्या भाताहून ती निराळी. सेनेगलपासून सिएरा लिओनपर्यंतच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याला बांध घालून, गोडे पाणी अडवून भात पिकवणारे समाज राहत होते. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी नेलेल्या माणसांत याच किनाऱ्यावरची माणसे मोठ्या संख्येने होती. १७०८ च्या सुमारास कॅरोलायनात गोऱ्यांपेक्षा आफ्रिकी माणसे जास्त झाली.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून हे मळे नद्यांच्या मुखाशी सरकले. सायप्रस वृक्षांच्या दलदली तोडून मैलोन्‌मैल बांध घातले गेले. भरती आली की नदीचे गोडे पाणी वर चढे. ते लाकडी दारांतून खाचरांत घ्यायचे आणि ओहोटीला सोडून द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. माणसे गुडघाभर चिखलात, हिवतापाच्या हवेत राबत. मरणाचे प्रमाण, विशेषतः लहान मुलांचे, भयंकर होते. मेलेल्यांच्या जागी मळेवाले नवी माणसे विकत घेत. पिकलेले भात उखळात मुसळाने कांडायचे कामही याच माणसांच्या वाट्याला होते. दिवसभर शेतात खपल्यावर पहाटे आणि रात्री कांडण चाले. पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या भातगिरण्या १७८० च्या दशकाच्या अखेरीस आल्या.

या मळ्यांची उभारणी आफ्रिकी विद्येवर झाली, हे पीटर वुड यांनी १९७४ साली आणि ज्युडिथ कार्नी यांनी २००१ च्या ‘ब्लॅक राइस’ या ग्रंथात मांडले. डेव्हिड एल्टिस, फिलिप मॉर्गन आणि डेव्हिड रिचर्डसन यांनी २००७ साली त्यावर हरकत घेतली. गुलामवाहू जहाजांच्या नोंदी पाहता मळेवाल्यांनी भात जाणणारी माणसे निवडून आणली असे सिद्ध होत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेतीबद्दलचा हा वाद अजून मिटलेला नाही. चुलीबद्दल मात्र फारसा वाद नाही. कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या गुला-गीची समाजाच्या घरांत आजही चवळी घालून शिजवलेला भात होतो. त्याला हॉपिंग जॉन म्हणतात आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी तो आवर्जून करतात. घानामध्ये चवळी-भात एकत्र शिजवून ‘वाक्ये’ होतो, आणि त्यात रंगासाठी ज्वारीच्या पात्या घालतात. कॅरोलायनाचा टोमॅटो घातलेला लाल भात सेनेगलच्या भाताचा वंशज मानला जातो. भात, चवळी, भेंडी, शेंगदाणा: अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हे ताट शिराळ्याच्या किंवा पाटणच्या माणसाला परके वाटणार नाही.

पण शिराळ्यात किंवा पाटणला भातमळे नव्हते. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळा या सह्याद्रीलगतच्या पट्ट्यात भात होतो तो डोंगरउतारावर ताली घालून केलेल्या लहानलहान खाचरांत, आणि तो घरची माणसे पिकवतात. वरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. कोयनेच्या खोऱ्यातली अशी कितीतरी खाचरे १९६० च्या दशकात शिवसागर जलाशयाखाली गेली. हा भात देशावरच्या माणसाच्या ताटात रोज नसे. पैसेवाल्यांच्या घरी, सणाला, पाहुण्याला आणि देवाच्या नैवेद्याला भात. बाकी दिवस भाकरी.

बी आले, माणसे आली नाहीत

महाबळेश्वरी वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर दहिवडीला पाचशेच्या आसपास. माण, खटाव, आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ हे तालुके पर्जन्यछायेत आहेत. पश्चिम आफ्रिकेत सहाराच्या दक्षिण कडेला साहेल नावाचा जो कोरडा पट्टा आहे, तिथला पाऊसही साधारण एवढाच आणि असाच उन्हाळ्याअखेर येऊन तीन-चार महिन्यांत संपणारा. बाजरी जन्मली ती याच पट्ट्यात. मालीच्या ईशान्येस तिलेम्सी खोऱ्यात सापडलेल्या मडक्यांच्या खापरांत लागवडीच्या बाजरीचे ठसे मिळाले आहेत. ते इसवी सनापूर्वी अडीच हजार वर्षांच्या सुमाराचे आहेत. माणची बाजरी या अर्थाने अस्सल पश्चिम आफ्रिकी आहे, आणि माणच्या मातीत ती रुजली याचे कारण तिला तिथे आपलेच आभाळ मिळाले.

ज्वारीचे जन्मस्थान पूर्व सुदान. कसाला शहराजवळच्या उत्खननात इसवी सनापूर्वी साडेतीन ते तीन हजार वर्षांच्या काळातली ज्वारी मिळाली, आणि लागवडीच्या ज्वारीचा तो आजवरचा सर्वांत जुना पुरावा आहे. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. चवळीचे सर्वांत जुने दाणे मध्य घानातल्या किंटाम्पो संस्कृतीच्या वस्त्यांत सापडले आहेत. कारळे इथिओपियातले, अंबाडी आफ्रिकेच्या मध्यपट्ट्यातली, आणि पावटा-वालाचे रानटी भाऊबंदही आफ्रिकेतच आहेत.

ही पिके अरबी समुद्र ओलांडून कशी आली याचा लेखी पुरावा असणे शक्यच नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ती गुजरातेत आणि दख्खनमध्ये दिसू लागतात. हावेरी जिल्ह्यातल्या हल्लूर या नवाश्मयुगीन वस्तीत बाजरी आणि वाल मिळाले आहेत. अशा पुराव्यांची कठोर छाननी डोरियन फुलर यांनी २००३ साली केली. पूर्वी प्रसिद्ध झालेल्या कित्येक नोंदी त्यांनी बाद ठरवल्या; पण ही पिके त्या सहस्रकात भारतात पोचली, हा निष्कर्ष टिकला. किनाऱ्याकिनाऱ्याने चालणाऱ्या छोट्या व्यापारातून, मूठमूठ बियाणे हातोहात पुढे जात ती आली असावीत. त्यांच्याबरोबर मोठ्या संख्येने माणसे आल्याची कुठलीही खूण नाही. गहू आणि जव ही थंडीची पिके. दख्खनच्या पावसाळ्यात आणि हलक्या जमिनीत त्यांचे काही चालत नव्हते. ती जागा या नव्या धान्यांनी भरून काढली, आणि पर्जन्यछायेतल्या गावांत माणूस बारमाही वस्ती करून राहू शकला त्यात त्यांचा मोठा हात आहे.

कृष्णा आणि येरळेकाठच्या काळ्या रानात शाळू होतो. पावसाळा संपत आला की पेरायचा आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर, पुढे पाऊस न पडता, थंडीत पिकवायचा. आफ्रिकेत चाड सरोवराच्या भोवती, नायजेरिया आणि कॅमेरूनच्या उत्तर भागात, अशाच काळ्या चिकण जमिनीत पावसाळा ओसरल्यावर ज्वारीची रोपे लावतात आणि ती ओलीवरच काढतात. तिथल्या या ज्वारीला मस्क्वारी म्हणतात. शाळू आणि मस्क्वारी या दोन्ही बहुतांशी ‘दुर्रा’ या एकाच वंशाच्या. एकमेकांची कधी गाठ न पडलेल्या शेतकऱ्यांनी एकाच प्रश्नाला एकच उत्तर शोधले, आणि दोन्हीकडे ते उत्तर शेतकऱ्याच्या निरीक्षणातून आले.

रांधण्याची रीत मात्र दोन्हीकडे वेगळी झाली. माली, बुर्किना फासो आणि उत्तर नायजेरियात बाजरी-ज्वारी लाकडी उखळात कांडतात, पिठाचा घट्ट गोळा पाण्यात शिजवतात आणि तो अंबाडीच्या पाल्याच्या, भेंडीच्या किंवा शेंगदाण्याच्या रश्शाशी खातात. सातारा-सांगलीत तेच धान्य दगडी जात्यावर गेले आणि जात्यावरून तव्यावर. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही. ते ताणले की तुटते. म्हणून ऊन पाण्यात मळायचे, तळहाताच्या टाचेने रगडायचे, परातीत थापायचे, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि शेवटी चुलीच्या आहारावर फुगवायची. एवढी सगळी करामत एका चिकटपणा नसलेल्या पिठाची पातळ भाकरी व्हावी म्हणून आहे. ही करामत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली त्या बायकांची नोंद कुठल्याही उत्खननात सापडत नाही. शिजवण्याची जुनी रीतही साफ गेलेली नाही. ज्वारीच्या कण्या ताकाबरोबर खातात, नाचणीची आंबील रात्रभर आंबवतात, आणि हे पदार्थ पाहून मालीतल्या बामाकोची बाई ओळखीचे हसेल.

पौष महिन्यात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते आणि पावटा, हरभऱ्याचे घाटे, वांगे, गाजर, बोरे, उसाचे कांडे आणि शेंगदाणे घालून मिसळीची भाजी होते. तीळ आणि वांगे या भूमीतले, हरभरा पश्चिम आशियातला, बाजरी मालीची, पावट्याचे मूळ पूर्व आफ्रिकेत, शेंगदाणा अँडीज पर्वताच्या पायथ्याचा. नागपंचमीला शिराळ्यात आणि गावोगावी नागाला ज्वारीच्या लाह्या वाहतात. परक्या मुलखातून आलेले धान्य देवाच्या पुढ्यात इतक्या सहज जाते, ते सहवास फार जुना असल्यामुळे.

शेंगदाणा

वरच्या सगळ्या पिकांच्या मानाने शेंगदाणा अगदी अलीकडचा. बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या परिसरात तो लागवडीखाली आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलमधून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेला. तिथे जमिनीखाली शेंगा धरणारे बांबारा नावाचे कडधान्य आधीपासून होते, त्यामुळे नव्या शेंगेची पेरणी, खणणी आणि भाजणी कोणाला शिकवावी लागली नाही. गुलामांच्या जहाजांवर शिधा म्हणून नेलेल्या जिनसांत शेंगदाणाही होता, आणि उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागात तो पोचला तो आफ्रिकेतून आलेल्या माणसांबरोबर. भारतात तो पोर्तुगीजांच्याच काळात आला, बहुधा एकाहून अधिक वाटांनी. पण शेतकऱ्याचे नगदी पीक म्हणून त्याचा विस्तार झाला तो एकोणिसाव्या शतकात.

त्या विस्तारामागेही गुलामगिरीच्या इतिहासाचा एक धागा आहे. इंग्लंड आणि फ्रान्सने गुलामांचा व्यापार बंद केल्यावर सेनेगलच्या किनाऱ्यावरच्या फ्रेंच व्यापाऱ्यांना माणसांऐवजी दुसरा माल हवा होता. १८४० च्या दशकापासून त्यांनी तिथला शेंगदाणा मार्सेयच्या साबण आणि तेलाच्या कारखान्यांना पाठवायला सुरुवात केली. पुढे त्याच मार्सेयला पाँडिचेरीहून दक्षिण भारताचा शेंगदाणाही जाऊ लागला. सेनेगलचा शेतकरी आणि भारतातला शेतकरी एकाच बाजारात उभे राहिले.

सातारा-सांगलीत शेंगदाण्याने घाण्याचे तेलही दिले आणि कालवणाला दाटपणाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या जाती टिक्का रोगाने खालावल्या, तेव्हा मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने परदेशी बियाणे आणवले. पुढे कऱ्हाडच्या संशोधनातून ‘कऱ्हाड ४-११’ ही पसरी, उशिरा येणारी भुईमुगाची जात निघाली आणि ती दूरवर गेली. कऱ्हाडी भुईमुगाची चव हा जुन्या माणसांच्या बोलण्यातला अजूनही हळवा विषय आहे, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. तेलाचा अंश जास्त असलेला, सावकाश पोसलेला दाणा कुटला की त्याला तेल सुटते आणि खर्ड्याला वेगळे तेल लागत नाही. अलीकडे खरिपातली त्याची जागा सोयाबीनने मोठ्या प्रमाणावर घेतली.

माण-खटावच्या बाजूला शेंगदाण्याचा म्हाद्या करतात: भाजलेले दाणे कुटून, मिरची-लसणाच्या फोडणीत पाणी घालून उकळलेले घट्ट कालवण, भाकरीबरोबर खायचे. सेनेगल आणि मालीत ‘माफे’ म्हणतात तो रस्सा असाच: शेंगदाण्याचे वाटण, तिखट, आणि सोबत भात किंवा बाजरी. दोन्ही पदार्थांचे नाते मात्र जोडू नये. आफ्रिकी स्वयंपाक्याने म्हाद्या शिकवल्याचा काहीही आधार नाही. दूध-तूप आणि खोबरे ज्यांना परवडत नव्हते अशा दोन कोरड्या मुलखांतल्या बायकांना या नव्या दाण्यात स्निग्धपणा स्वस्तात सापडला, एवढेच दोन्हीकडे समान आहे. आणि ते पुरेसे आहे.

हबशी, काफिर, सिद्दी

आफ्रिकी माणसे दख्खनमध्ये आलीच नाहीत असे नाही. बहमनी आणि तिच्यातून फुटलेल्या सल्तनतींनी इथिओपियातून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या हबशी सैनिकांवर मोठी मदार ठेवली. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर अनेकदा विकला जाऊन निजामशाहीत पोचला आणि १६२६ साली मेला तेव्हा त्या राज्याचा सर्वेसर्वा होता. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा आदिलशाही सरदार सिद्दी जौहर हबशीच. १६७३ साली आजच्या जत तालुक्यातल्या उमराणीला प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला कोंडले, त्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने सिद्दी हिलाल होता. पण ही माणसे पूर्व आफ्रिकेतली होती, लष्करी पेशाची होती आणि सत्तेच्या पायऱ्या चढताच दख्खनी दरबाराच्या चालीरीतीत मिसळून गेली. सातारा-सांगलीच्या गावजेवणात त्यांच्या हातची म्हणून ओळखावी अशी चव राहिलेली नाही.

गोव्यात चित्र वेगळे. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून आणलेली माणसे गोव्याच्या बाजारात विकली जात आणि घराघरांत राबत. हिरव्या मसाल्यात मुरवून भाजलेली कोंबडी, काफ्रियाल, ही त्याच मोझांबिकी नात्याची खूण. गुलामगिरी तिथे कायद्याने संपली ती १८६९ नंतर. त्याआधी पळालेली कित्येक माणसे घाट चढून उत्तर कन्नडच्या रानात शिरली. हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड भागातले सिद्दी हे त्यांचे वंशज. घरात कोंकणी बोलतात, आणि त्यांचे मूळ आफ्रिकेतल्या बांटू समाजांत आहे हे २०११ सालच्या जनुकीय अभ्यासांनी दाखवले. २००३ साली उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मराठी मुलखाला लागून राहिलेला हा समाज मराठी लेखनात मात्र क्वचितच येतो, आणि ही उणीव मोठी आहे.

साताऱ्याच्या वाड्यातल्या कुणबिणी

सातारा १७०८ साली छत्रपती शाहूंची राजधानी झाले. पुढच्या शतकभरात छत्रपतींचा वाडा, पेशव्यांचे दप्तर, सरदारांची घरे, किल्ले आणि सरकारी कोठ्या या सगळ्यांत विकत घेतलेल्या, लढाईत धरलेल्या किंवा शिक्षा म्हणून गुलाम केलेल्या बायका होत्या. कागदोपत्री त्यांना कुणबिणी आणि बटकी म्हणत. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी छापलेल्या सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिशीत त्यांच्या नोंदी येतात. पी. ए. गवळी यांनी पेशवेकालीन गुलामगिरीवर मराठीत ग्रंथ लिहिला, आणि सुमित गुहा यांनी अठराव्या शतकातल्या पश्चिम भारतातील गुलामगिरीची मांडणी केली. या कागदांतून दिसणारे गुलाम मोठ्या संख्येने बायकाच आहेत.

दुष्काळात आईबापांनी मुलगी विकली, स्वारीत परमुलखातली बाई धरून आणली, नाहीतर बदकर्माचा आरोप ठेवून सरकारने तिला कुणबीण ठरवले, या त्या गुलामीच्या वाटा होत्या. बाईची किंमत ठरे, खरेदीखत होई, व्यवहारावर सरकार आपला वाटा घेई. तिला अन्न आणि लुगडे मिळे, मजुरी नाही. तिची मुलेही मालकाचीच. दळणे, कांडणे, पाणी भरणे, शेणगोठा, कोठीतले धान्य निवडणे-पाखडणे, किल्ल्यावरची ओझी अशी तिची कामे होती. शाहूंच्या वाड्याचा कारभार पाहणारी विरूबाई दासी म्हणूनच त्या घरात आली होती आणि १७४० साली वारली तोवर तिचा शब्द वाड्यात चाले. पण तिच्यासारखी एखादीच, आणि तिच्या उदाहरणाने बाकीच्यांचे जिणे हलके ठरत नाही.

इथे अमेरिकेशी एक मोठा फरक आहे. कॅरोलायनात मालकाच्या स्वयंपाकघराचा ताबा गुलाम बाईकडे असे. तिच्या हातची चव मालकाच्या पंक्तीत जाई आणि प्रदेशाची चव होई. ब्राह्मणी घरांत सोवळ्याचा स्वयंपाक कुणबिणीच्या हाती जात नसे. तिचे काम चुलीच्या अलीकडे थांबे. ती अस्पृश्य जातीची होती असे मागाहून उघड झाले तर घराला प्रायश्चित्त घ्यावे लागे, म्हणून खरेदीच्या वेळी जातीची चौकशी होई. म्हणजे जात्यावर बसलेली, उखळाशी उभी राहिलेली बाई पीठ आणि तांदूळ देऊन बाजूला होई, आणि पदार्थाचे नाव दुसऱ्या हाताला लागे. तरीही स्वयंपाकाच्या कष्टांतला जड भाग दळण-कांडणाचाच आहे. पहाटे तीन-चारला जाते ओढल्याशिवाय मोठ्या घरची भाकरी होत नाही आणि शंभर पानांचा तांदूळ सडल्याशिवाय पंगत बसत नाही. अठराव्या शतकातल्या साताऱ्याच्या मुदपाकखान्याचे वैभव मोजताना हे कष्ट हिशेबात धरले पाहिजेत. कॅरोलायनाच्या मुसळाशी इथल्या मुसळाचे नाते असेल तर ते या कष्टांचे आहे.

कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने आपल्या मुलखातल्या न्यायालयांत माणसावरचा मालकी हक्क मानणे बंद केले. गुलाम बाळगणे गुन्हा ठरवला गेला नव्हता. पण पळालेल्या कुणबिणीला कायद्याच्या जोरावर परत आणता येईना. सातारचे राज्य तेव्हा वेगळे होते; ते १८४८ साली खालसा झाले. माणसांची खरेदी-विक्री थेट गुन्हा ठरली ती १८६० च्या भारतीय दंडसंहितेने. मुक्त झालेल्या बायकांची मुले गावगाड्यात मिसळली आणि त्यांच्या आडनावांतून त्यांचा माग लागत नाही.

मिलो आणि हायब्रीड

आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेत गेलेल्या धान्यांत ज्वारीही होती. सतराव्या-अठराव्या शतकात तिला तिथे गिनी कॉर्न म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिलो आणि काफिर या आणखी दोन आफ्रिकी कुळांच्या ज्वाऱ्या तिकडे रुजल्या आणि टेक्सास-कॅन्ससच्या कोरड्या रानात जनावरांचे खाद्य म्हणून पसरल्या.

१९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत पेरणी वाया गेली तेव्हा रेशनवर आली ती हीच लाल मिलो. खडी फोडून, पाझर तलावाची माती वाहून आलेली बाई संध्याकाळी तिची भाकरी थापायला बसे. पीठ लाल, चव परकी. शाळूच्या पांढऱ्या, मऊ भाकरीची सवय असलेल्या माणसांनी ती भुकेपोटी खाल्ली. ती पिढी आजही मिलोचे नाव काढते. त्याच दुष्काळात राज्यभर रोजगार हमीची कामे निघाली. या योजनेचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला होता. हातात फावडे आणि पोटात मिलो, अशी ती दोन वर्षे गेली.

मिलो नुसती पोटात गेली नाही, बियाण्यातही गेली. १९५४ साली टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मिलो आणि काफिर यांच्या संकरातून नर-वंध्य ज्वारी मिळवली, आणि तिच्यामुळे संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करणे शक्य झाले. १९६४ साली भारतात निघालेली पहिली संकरित ज्वारी सीएसएच-१ ही टेक्सासच्याच ‘कंबाइन काफिर ६०’ या मादी वाणावर उभी होती. १९६५ ची पहिली संकरित बाजरी एचबी-१ ही जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी तयार केलेल्या ‘टिफ्ट २३ ए’वर. मालीतून निघालेली बाजरी एका वाटेने साडेतीन हजार वर्षांपूर्वी दख्खनला आली होती. दुसऱ्या वाटेने अमेरिकेला जाऊन, तिथल्या प्रयोगशाळेतून, ती पुन्हा माणच्या रानात आली. उत्पन्न वाढले, पण पहिल्या संकरित बाजरीवर केवडा रोगाने असा घाला घातला की १९७० च्या दशकात ती मागे घ्यावी लागली. हायब्रीड ज्वारीचे दाणे पावसात सापडून काळे पडत, तिची भाकरी गार झाली की कडक होई, आणि तिचा कडबा जनावरे नाखुशीने खात. जनावरांच्या पोटाचा प्रश्न इथे लहान नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याने सुरुवातीला जी यंत्रे काढली त्यांत कडबा कापायचे यंत्र होते, आणि १९१० नंतर ते किर्लोस्करवाडीत बनत राहिले, यावरून कडब्याची किंमत कळते.

खरिपातल्या ज्वारीची जागा गेल्या काही दशकांत सोयाबीनने आणि पाणी पोचले तिथे उसाने घेतली. रब्बीचा शाळू मात्र संकरित बियाण्याला फारसा वश झाला नाही. थंडीतली खोडमाशी, जमिनीतली आटत जाणारी ओल आणि भाकरीची चव या तिन्ही कसोट्यांवर हायब्रीड कमी पडले. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ इथे स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही जत, कवठेमहांकाळ आणि माणच्या रानांत पेरली जाते. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्यानंतर शहरांच्या दुकानांत ज्वारी-बाजरी नव्या वेष्टनांत आणि वाढीव भावाने दिसू लागली; आडत बाजारात शेतकऱ्याच्या शाळूला मिळणारा भाव त्याच प्रमाणात वाढलेला नाही.